घरगुती वायरलेस राउटरच्या ईथरनेट पोर्टांतील स्विचिंग सुविधा : स्वरूप, मर्यादा आणि लहान महाविद्यालयांतील उपयोजन

सारांश

घरगुती वापराच्या वायरलेस राउटरला मागील बाजूस जे चार-पाच ईथरनेट पोर्ट असतात, त्यांच्याकडे वापरकर्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक या पोर्टांच्या मागे स्विच नावाचे एक वेगळे उपकरण कार्यरत असते. जाळ्याचा अंतर्गत वेग, त्याची स्थिरता आणि कोणत्या संगणकास कोणता संगणक दिसावा हा प्रश्न, या तीनही बाबी बहुतांशी त्या स्विचच्या क्षमतेवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या स्विचची कार्यपद्धती, तिच्या मर्यादा आणि ब्रह्मपुरीसारख्या तालुकास्थानी असलेल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने तिचे व्यावहारिक महत्त्व यांचे विवेचन केले आहे. लेख संगणकेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही समजावा, या हेतूने पारिभाषिक संज्ञांचा अर्थ जागोजागी स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : ईथरनेट, स्विच, राउटर, एमएसी पत्ता, ब्रॉडकास्ट, व्हीलॅन, डीएचसीपी

१. प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनव्याप्त जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी केंद्र शासनाने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस मान्यता दिली आणि पुढे २०१५ मध्ये तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. उच्च शिक्षणाचे प्रशासन आणि इंटरनेटची पायाभूत सोय या दोन्ही गोष्टी या भागात अशा जवळपास एकाच काळात आकारास आल्या. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापनही संगणकाच्या पडद्यावर आले. आज प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा, मूल्यांकन आणि नॅकसाठीची माहिती यांपैकी कोणतेही काम जाळ्याशिवाय होत नाही.

तथापि, ज्या उपकरणावर हा सारा भार पडतो, ते बहुधा घरगुती वापरासाठी तयार केलेले असते. मोठ्या नगरांतील संस्थांमध्ये जाळ्याच्या देखभालीसाठी स्वतंत्र अभियंता असतो. तालुकास्थानच्या महाविद्यालयात तो क्वचितच आढळतो. तेथे बाजारात सहज मिळणारा एक वायफाय राउटर आणला जातो, त्याच्या पोर्टांत कार्यालय, परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि संगणक प्रयोगशाळा यांच्या तारा खोचल्या जातात आणि चारही दिवे लुकलुकू लागले की काम झाले असे मानले जाते. खरेदी समितीच्या दरपत्रकातही ‘वायफाय राउटर, एक नग’ यापलीकडे तपशील क्वचितच असतो.

अशा जोडणीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. परीक्षा विभागाचा संगणक आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणक एकाच राउटरच्या शेजारशेजारच्या पोर्टांना जोडलेले असतील, तर त्या दोहोंमध्ये नेमकी कोणती भिंत असते? सर्वसाधारण घरगुती राउटरच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतीही नाही’ असे आहे. हे उत्तर असे का आहे आणि त्यावर उपाय कोणते, हे समजून घेण्यासाठी प्रथम राउटरच्या अंतरंगात डोकावणे आवश्यक ठरते.

२. एका डब्यातील तीन कार्ये

ज्याला आपण व्यवहारात ‘राउटर’ म्हणतो, त्या लहानशा डब्यात किमान तीन भिन्न कार्ये करणारी यंत्रणा एकत्र नांदत असते.

पहिले कार्य राउटिंगचे. आपले अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट ही दोन वेगवेगळी जाळी असून त्यांच्यातील देवाणघेवाण आयपी पत्त्यांच्या आधारे करणे, हे राउटरचे खरे काम होय. दुसरे कार्य वायरलेस प्रवेशबिंदूचे, म्हणजे रेडिओ लहरींद्वारे उपकरणे जोडून घेण्याचे. तिसरे कार्य स्विचचे. तारेने जोडलेल्या उपकरणांमधील माहिती एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर पोहोचविणे हे त्याचे काम.

यावरून पोर्टांतील भेदही लक्षात येतो. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे नाव असलेला, बहुधा वेगळ्या रंगाचा पोर्ट राउटिंगच्या बाजूचा असतो. ‘लॅन’ असे लिहिलेले उर्वरित पोर्ट स्विचचे असतात. या भेदाची प्रचिती कोणत्याही महाविद्यालयात पाच मिनिटांत घेता येते. वॅन पोर्टमधील तार काढून टाकावी. इंटरनेट बंद पडेल. मात्र लॅन पोर्टांना जोडलेल्या दोन संगणकांमध्ये फाइलची देवाणघेवाण पूर्ववत चालू राहील, कारण त्या व्यवहाराला राउटिंगची गरजच नसते. ‘नेट बंद आहे’ या एकाच वाक्यात आपण ज्या तक्रारी कोंबतो, त्यांतील निम्मा गोंधळ एवढ्या प्रयोगाने दूर होऊ शकतो.

३. स्विचची कार्यपद्धती

ईथरनेटचा जन्म १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या या जाळ्यात सर्व संगणक एकाच केबलवर असत आणि एकाने पाठविलेला संदेश सर्वांपर्यंत पोहोचे. प्रकाशलहरींचे माध्यम म्हणून एकेकाळी कल्पिलेल्या ‘ईथर’ या सर्वव्यापी द्रव्यावरून हे नाव घेतले गेले. पुढे आलेल्या हब नावाच्या उपकरणानेही हीच रीत चालू ठेवली. एका पोर्टवर आलेला संकेत तो उरलेल्या सर्व पोर्टांवर जसाच्या तसा पाठवीत असे. दोन संगणक एकाच वेळी बोलू लागले की संदेशांची टक्कर होई आणि दोघांनाही थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे.

ही अडचण दूर करणारा पहिला बहुपोर्ट ईथरनेट स्विच १९९० च्या सुमारास अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीतील एका कंपनीने बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते, हे मराठी वाचकास कौतुकाचे वाटेल. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि आपल्या पत्नीच्या नावावरून त्यांनी कंपनीस हे नाव दिले होते. त्यांच्या स्विचला सात पोर्ट होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. आज आपल्या दिवाणखान्यातील राउटरमध्ये बसलेली नखाएवढी चिप त्याच कल्पनेचा वारसा चालवीत आहे.

स्विचचे काम समजण्यास गावातील टपालवाल्याचे उदाहरण उपयुक्त ठरावे. नव्याने रुजू झालेल्या टपालवाल्यास कोणाचे घर कोठे आहे हे ठाऊक नसते. पत्र टाकावयास कोण कोठून आला, हे तो पाहत जातो आणि मनात नोंद करून ठेवतो. स्विचही नेमके असेच करतो. प्रत्येक ईथरनेट उपकरणास ४८ बिटांचा एक एमएसी पत्ता असतो. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, ज्यास ‘फ्रेम’ म्हणतात, पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. पोर्टवर फ्रेम आली की स्विच पाठविणाऱ्याचा पत्ता वाचून ‘हा पत्ता या पोर्टवर आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. त्यानंतर तो घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधतो. पत्ता सापडला तर फ्रेम केवळ त्या पोर्टवर जाते. न सापडल्यास ती आलेला पोर्ट वगळून इतर सर्व पोर्टांवर सोडली जाते. काही काळ ज्या पत्त्यावरून काहीच येत नाही, त्याची नोंद पुसली जाते. आयईईईच्या ८०२.१डी या मानकात हा काळ सामान्यतः ३०० सेकंदांचा धरला आहे.

बहुतेक घरगुती स्विच आधी संपूर्ण फ्रेम साठवून घेतात, तिच्या शेवटी असलेल्या ३२ बिटांच्या तपासणी अंकाची पडताळणी करतात आणि मगच ती पुढे पाठवितात. खराब तारेमुळे बिघडलेली फ्रेम तेथेच टाकून दिली जाते. म्हणून सदोष तारेचा त्रास सहसा त्या एकाच संगणकापुरता मर्यादित राहतो. हबच्या काळात ही सोय नव्हती.

४. पोर्टचा वेग आणि परस्पर वाटाघाट

तार खोचताच पोर्ट आणि संगणक यांच्यात काही क्षणांची वाटाघाट होते. दोघेही आपापल्या क्षमता जाहीर करतात आणि दोघांना झेपेल असा सर्वोच्च वेग निश्चित होतो. ही सोय १९९५ च्या फास्ट ईथरनेट मानकाबरोबर आली. कोणती तार सरळ आणि कोणती उलट जोडीची, हा पूर्वीचा प्रश्नही आता पोर्ट स्वतःच सोडवितो. या वाटाघाटीत एका बाजूचा वेग हाताने ठरवून टाकला आणि दुसरी बाजू स्वयंचलित ठेवली, तर दुसरी बाजू अर्ध-द्विमार्गी पद्धतीवर घसरते आणि जाळे चालू असूनही अतिशय संथ होते. म्हणून विशेष कारण नसल्यास दोन्ही बाजू स्वयंचलित ठेवणेच श्रेयस्कर.

भारतात मिळणाऱ्या स्वस्त राउटरांपैकी बऱ्याच राउटरांचे पोर्ट आजही १०० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेचे असतात. खोक्यावर मात्र ३०० किंवा त्याहून मोठा आकडा ठळक छापलेला असतो. तो आकडा वायरलेस संचाच्या सैद्धान्तिक क्षमतेचा असतो. पोर्टच्या क्षमतेशी त्याचा संबंध नसतो.

यातील गणित साधे आहे. पूर्ण आकाराची फ्रेम १५१८ बाइटची असते. तिच्या आधीचा संकेत आणि नंतरचे रिकामे अंतर मिळून आणखी २० बाइटचा काळ जातो. या १५३८ बाइटांपैकी प्रत्यक्ष उपयुक्त माहिती सुमारे १४६० बाइट असते. म्हणजे १०० मेगाबिटच्या पोर्टवरून जास्तीत जास्त ९५ मेगाबिट आणि गिगाबिट पोर्टवरून सुमारे ९५० मेगाबिट प्रतिसेकंद एवढीच उपयुक्त गती मिळू शकते. एक गिगाबाइटची चित्रफीत एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यास पहिल्या पोर्टवर जवळजवळ दीड मिनिट लागते आणि दुसऱ्यावर नऊ सेकंदांच्या आत काम होते. त्याचप्रमाणे संस्थेने २०० मेगाबिटची इंटरनेट जोडणी घेतली आणि राउटरचा वॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असला, तर जोडणीचे निम्म्याहून अधिक पैसे दरमहा वाया जातात.

तारेचाही येथे विचार करावा लागतो. १०० मेगाबिटसाठी तारेतील आठपैकी चारच धागे वापरले जातात. गिगाबिटसाठी आठही धागे लागतात. एखादा धागा उंदराने कुरतडला किंवा टोकाशी नीट बसविला नाही, तर गिगाबिट पोर्टही १०० वर उतरतो किंवा दुवा जुळतच नाही. जोडणीचा प्रत्यक्ष वेग संगणकाच्या जाळे-सेटिंगमध्ये पाहता येतो. ‘नेट हळू आहे’ अशी तक्रार नोंदविण्यापूर्वी हा आकडा पाहण्याची सवय लावून घेतल्यास पुष्कळ फेऱ्या वाचतील.

५. माहितीचे तीन मार्ग

एकाच डब्यातून जाणारी माहिती तीन वेगवेगळ्या मार्गांनी प्रवास करते. लॅन पोर्टवरून लॅन पोर्टवर जाणारी माहिती स्विच चिपमध्येच हाताळली जाते. राउटरच्या मुख्य प्रक्रियकास, म्हणजे सीपीयूस, तिची वार्ताही नसते. म्हणूनच अगदी स्वस्त राउटरचेही सर्व लॅन पोर्ट पूर्ण गतीने एकाच वेळी काम करू शकतात. लॅन पोर्टवरून वायफायवर जाणारी माहिती सामान्यतः संगणकप्रणालीतील ‘ब्रिज’ या घटकातून जाते. लॅनवरून इंटरनेटकडे जाणारी माहिती राउटिंग आणि पत्तेबदल या दोन्ही प्रक्रियांतून जात असल्याने तेथे सीपीयूवर सर्वाधिक भार पडतो. अलीकडील उपकरणांत या कामासाठी वेगळी यांत्रिक मदत असते.

या रचनेचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे २००२ च्या अखेरीस आलेला लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर. त्याच्या दुसऱ्या व पुढील आवृत्त्यांत बाहेरचे पाचही पोर्ट, म्हणजे एक इंटरनेटचा व चार अंतर्गत, एकाच स्विचचे होते. सहावा पोर्ट आतल्या आत सीपीयूस जोडलेला होता. इंटरनेटचा पोर्ट ‘वेगळा’ होता तो केवळ स्विचमध्ये केलेल्या तर्कात्मक विभाजनामुळे. या राउटरच्या आज्ञावलीत मुक्त परवान्याखालील भाग असल्याने २००३ मध्ये ती प्रकाशित करावी लागली आणि तिच्या आधाराने २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. आजही त्या प्रणालीद्वारे अनेक घरगुती राउटरांच्या स्विचमधील दडलेल्या सुविधा खुल्या करता येतात.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विभाजन करण्याची क्षमता अनेक घरगुती राउटरांच्या चिपमध्ये मुळातच असते, मात्र निर्माता ती वापरकर्त्याच्या पडद्यावर दाखवीत नाही.

६. दवंडीचे क्षेत्र

काही संदेश मुळात सर्वांसाठीच असतात. ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ किंवा ‘मला पत्ता कोण देईल?’ असे प्रश्न संगणक सर्वांना उद्देशून विचारतो. यास ब्रॉडकास्ट म्हणतात. गावात कोतवालाने दिलेली दवंडी जशी घरोघरी ऐकू जाते, तसा हा संदेश स्विच सर्व पोर्टांवर पाठवितो. जेथवर दवंडी पोहोचते, तेवढे एक जाळे. घरगुती राउटरचे सर्व लॅन पोर्ट आणि मुख्य वायफाय हे मिळून दवंडीचे एकच क्षेत्र असते. व्यवहारात यातून दोन मोठे बिघाड उद्भवतात.

पहिला बिघाड वलयाचा. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये खोचली गेली, किंवा दोन स्विच दोन तारांनी परस्परांस जोडले गेले, तर दवंडी फिरून पुन्हा मूळ जागी येते आणि पुन्हा सर्वत्र पाठविली जाते. आयपी पॅकेटमध्ये प्रवासाची मर्यादा सांगणारा अंक असतो, तसा ईथरनेटच्या फ्रेममध्ये नसल्याने हे चक्र थांबत नाही. १०० मेगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला लहानात लहान १,४८,८०९ फ्रेम जाऊ शकतात. वलय तयार झाले की अशा फ्रेमचा पूर येऊन काही क्षणांत वायफायसह सर्व जाळे ठप्प होते. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत उपाय म्हणून वापरतात. वलय ओळखून ती त्यातील एक दुवा तात्पुरता बंद ठेवते. मात्र घरगुती राउटरांत ही सोय बहुधा नसते किंवा बंद असते. अशा वेळी एकेक तार काढून पाहणे आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस खुणेची चिठ्ठी लावून ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

दुसरा बिघाड दोन पत्तेवाटपकर्त्यांचा. वायफायची व्याप्ती वाढविण्यासाठी जुना राउटर दुसऱ्या खोलीत लावला जातो आणि त्याच्या लॅन पोर्टमध्ये पहिल्याची तार जोडली जाते. दोन्ही राउटर ‘डीएचसीपी’ या सेवेद्वारे पत्ते वाटत असल्याने नव्याने आलेल्या संगणकास जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो. परिणामी काही संगणकांचे इंटरनेट चालते आणि काहींचे चालत नाही. उद्या हेच चित्र उलटे होते. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलावा, त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी आणि नंतरच लॅन पोर्टास लॅन पोर्ट जोडावा. असे केल्यावर तो राउटर केवळ स्विच आणि प्रवेशबिंदू म्हणून उत्तम काम देतो. जुने उपकरण अडगळीत टाकण्याची गरज राहत नाही.

७. विभाजन : धुरा घातलेली बांधी

पूर्व विदर्भातील धानशेतीत मोठ्या जमिनीस धुरे घालून बांध्या पाडतात. तलावाचे पाणी एकच असते, परंतु एका बांधीतील पाणी धुऱ्याने अडते आणि ठरविलेल्या वाटेनेच दुसऱ्या बांधीत जाते. जाळ्यातील हे धुरे म्हणजे आभासी स्थानिक जाळी, अर्थात ‘व्हीलॅन’. आयईईईने १९९८ मध्ये ८०२.१क्यू या मानकाद्वारे ही पद्धत प्रमाणित केली. फ्रेममध्ये चार बाइटांची एक खूण घातली जाते. तिच्यातील १२ बिट जाळ्याचा क्रमांक सांगतात. ४०९६ संभाव्य मूल्यांपैकी दोन राखीव असल्याने ४०९४ जाळी दर्शविता येतात. त्याच खुणेतील ३ बिट प्राधान्यासाठी असून त्यांद्वारे आवाज किंवा चित्रवाणीच्या फ्रेमला पुढे काढता येते.

अशा स्विचवर कार्यालयाचा पोर्ट एका व्हीलॅनमध्ये आणि प्रयोगशाळेचा पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये ठेवला, तर एकाची दवंडी दुसऱ्यास ऐकू जात नाही. दोहोंतील व्यवहार राउटरमधूनच होतो आणि तेथे कोणास काय परवानगी द्यावयाची ते ठरविता येते.

घरगुती राउटरच्या पडद्यावर या सुविधेचे दोनच अवशेष सहसा दिसतात. एक म्हणजे ‘आयपीटीव्ही’ हा पर्याय. त्याद्वारे एखादा लॅन पोर्ट सेवापुरवठादाराच्या ठरावीक व्हीलॅनशी थेट जोडता येतो. दुसरा म्हणजे ‘अतिथी जाळे’. याबाबत एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. बहुसंख्य घरगुती राउटरांत अतिथी जाळे वायफायपुरतेच मर्यादित असते आणि तारेच्या पोर्टांना ते लागू होत नाही. त्यामुळे अतिथी जाळे चालू केल्याने प्रयोगशाळेच्या तारा आपोआप वेगळ्या होतील, असे समजणे धोक्याचे ठरते.

स्विच प्रत्येकाची फ्रेम त्याच्याच पोर्टवर पाठवितो, म्हणून एकाचे संभाषण दुसऱ्यास कळणार नाही, हाही तर्क अपुरा आहे. पत्ता विचारणाऱ्या दवंडीस खोटे उत्तर देऊन एखादा संगणक स्वतःस राउटर म्हणून पुढे करू शकतो आणि इतरांची माहिती स्वतःकडे वळवू शकतो. एकाच दवंडी-क्षेत्रात असलेल्या कोणासही हे शक्य असते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले आणि गुण यांसारखी माहिती जेथे हाताळली जाते, तेथे हा धोका केवळ तांत्रिक राहत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे.

व्हीलॅनची सोय असलेले उपकरण उपलब्ध नसेल, तर दोन सामान्य राउटर वापरून काही अंशी संरक्षण मिळविता येते. पहिला राउटर सर्वांसाठी ठेवावा. दुसऱ्याचा वॅन पोर्ट पहिल्याच्या लॅन पोर्टास जोडावा, त्याची पत्तामालिका वेगळी ठेवावी आणि त्याच्या मागे परीक्षा विभागाचे संगणक जोडावेत. बाहेरच्या जाळ्यातील संगणकांना आतल्या संगणकांशी आपणहून संपर्क साधता येत नाही. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नये. विद्यार्थ्यांचे संगणक आतल्या राउटरमागे ठेवल्यास त्यांना बाहेरचे कार्यालयीन संगणक दिसत राहतील आणि मूळ हेतूच विफल होईल. आतली माहिती तरीही बाहेरच्या जाळ्यातून प्रवास करीत असल्याने संकेतबद्ध संकेतस्थळांचा वापर आवश्यकच राहतो.

८. ब्रह्मपुरी परिसरातील विशेष बाबी

तंत्रज्ञान सर्वत्र सारखे असले तरी ते ज्या भूमीत वापरले जाते, तिचे गुणधर्म विचारात घ्यावे लागतात. ब्रह्मपुरीच्या हवामान केंद्रावर उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याच्या नोंदी वेळोवेळी झाल्या आहेत. उलटपक्षी, बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात कार्यकारी तापमानाची मर्यादा ० ते ४० अंश एवढीच दिलेली असते. बंद कपाटात किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवलेला राउटर ऐन उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत वारंवार बंद पडत असेल, तर त्याचे कारण उष्णता हे असू शकते. राउटर उघड्यावर, भिंतीच्या खालच्या भागात आणि हवा खेळती राहील असा ठेवावा. गिगाबिट पोर्टावर वाहतूक नसताना वीज वाचविणारी, २०१० मध्ये प्रमाणित झालेली ८०२.३एझेड ही सोय असल्यास ती चालू ठेवावी. त्यामुळे उष्णताही काहीशी कमी होते.

झाडीपट्टीत मान्सूनपूर्व आणि पावसाळी दिवसांत विजांचे प्रमाण मोठे असते. ईथरनेट मानकानुसार पोर्टमधील विद्युत विलगीकरण १५०० व्होल्टपर्यंतचा दाब एक मिनिट सहन करण्याइतके असावे लागते. जवळपास पडलेल्या विजेमुळे तांब्याच्या लांब तारेत निर्माण होणारा दाब याहून कितीतरी अधिक असू शकतो. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेली असल्यास एका विजेत स्विच आणि त्याला जोडलेले संगणक निकामी होण्याची शक्यता असते. एका तारेची कमाल लांबी १०० मीटर असते, हीही मर्यादा आहेच. इमारतींमधील जोडणीसाठी प्रकाशतंतू वापरणे या दोन्ही दृष्टींनी योग्य होय, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. त्यासोबत धातूची आधारतार नसावी, एवढी दक्षता घ्यावी.

९. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घरगुती राउटरचे लॅन पोर्ट म्हणजे एक स्वतंत्र स्विच असून अंतर्गत जाळ्याचा वेग त्याच्या पोर्टक्षमतेवर ठरतो. वायफायच्या जाहिरातीतील आकड्यावर तो ठरत नाही.

२) वेगळा पर्याय निवडल्याशिवाय हे सर्व पोर्ट दवंडीचे एकच क्षेत्र असतात. पोर्ट वेगळे असल्याने संगणक परस्परांपासून सुरक्षित आहेत, असे मानता येत नाही.

३) वलय आणि दुहेरी पत्तेवाटप हे बिघाड खर्चाविना टाळता येतात. त्यासाठी तारांची नोंद आणि योग्य मांडणी पुरेशी आहे.

४) खरेदीच्या दरपत्रकात पुढील बाबी स्पष्ट नमूद असाव्यात : वॅन आणि लॅन हे सर्व पोर्ट गिगाबिट क्षमतेचे असणे, ८०२.१क्यू नुसार पोर्टनिहाय व्हीलॅनची सोय वापरकर्त्यास उपलब्ध असणे, वलय-प्रतिबंधाची सोय असणे आणि कार्यकारी तापमानाची मर्यादा ४० अंशांहून अधिक असणे. राउटरमध्ये व्हीलॅनची सोय नसल्यास, नियंत्रण करता येणारा लहान स्विच आणि व्हीलॅन ओळखणारा राउटर यांची जोडी घ्यावी. केवळ असा स्विच घेऊन तो सामान्य राउटरला जोडल्यास अपेक्षित विभाजन पूर्णपणे साधत नाही.

५) परीक्षा व लेखा विभागांचे संगणक विद्यार्थ्यांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे हा प्रत्येक महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या विषयपत्रिकेवरील विषय असावा. वर्षातून एकदा जाळ्याचा आराखडा कागदावर काढून तो प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवावा.

राउटरच्या मागील बाजूचे पोर्ट हे लहान महाविद्यालयाच्या विश्वासार्हतेचे एक उपेक्षित स्थान आहे. गुणपत्रिकेची गोपनीयता आपण कुलूपबंद कपाटाने आणि लाखेच्या मोहरेने जपत आलो. तीच गुणपत्रिका आता तारेतून प्रवास करते. ती तार कोणत्या पोर्टमध्ये आहे आणि शेजारच्या पोर्टमध्ये कोण आहे, हे ठाऊक असणे ही आता प्रत्येक अध्यापकाच्या कर्तव्याचीच एक बाब झाली आहे.